विलूच्या हातचा आवाज

डोंबिवलीला लेकीकडे गेले होते. दुपारची जेवणं उरकून ताटं उचलत होते, तेवढ्यात माझ्या भावजयीचा, सुरेखाचा फोन आला. "ताई, हे गेले," एवढंच म्हणाली आणि फोन शेजारणीच्या हातात दिला. शेजारीण सांगत होती, छातीत कळ आली, रिक्षात घातलं, दवाखान्याच्या दारातच... मी मात्र भलतंच विचारत होते, "गाडीवर होता का? ट्रकने उडवला का?" इतके दिवस मला एकच धास्ती होती, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न विलूला ऐकू येणार नाही. आणि त्याला कळ आली ती घरात, स्टुलावर बसल्या बसल्या.

विलू माझा धाकटा भाऊ. बदलापूर गावात आमचं दुमजली घर, खाली तो आणि सुरेखा, वर मी. अंबरनाथच्या एमआयडीसीत पत्रा ठोकणाऱ्या मशीनांच्या धडधडाटात त्याची हयात गेली, आणि घरी आल्यावर हा बाबा मागच्या पडवीत पुन्हा पत्राच कापत बसायचा. मोटारसायकलचे सायलेन्सर! चांगले कंपनीने बसवलेले! मागचं तोंड ग्राइंडरने कापायचं, आतली भोकाभोकांची नळी बाहेर काढायची, भोकं कमीजास्त करायची, आवाज दबावा म्हणून भोवती काचेच्या लोकरीचा थर गुंडाळायचा आणि पुन्हा वेल्डिंग. "गाडी चालतेय ना? मग झालं की!" मी म्हणायचे. त्यावर त्याचं ठरलेलं, "ताई, कंपनी गाडीचा गळा दाबून पाठवते. मी फक्त बोटं सैल करतो." पण मोठ्या आवाजाची त्याला भारी चीड. फटाके फोडणारा सायलेन्सर मागायला कुणी आलं की दारातूनच हाकलायचा, "जा, दिवाळीला ये!" त्याला हवा असायचा दबका, पोटातून येणारा आवाज; पोटभर जेवून उठलेला माणूस हुंकारतो ना, तसा. कायद्यात हे बसत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मला तर होतंच. त्यावरून आमची किती वेळा जुंपली असेल!

मग त्याचे ते दबके आवाज वाढायला लागले. माझ्या मांडणीवरची भांडी खणखणायची. मी गॅलरीतून ओरडायचे, "विलू, बंद कर ते!" तर वर बघायचाही नाही. शेजारी म्हणायला लागले, विलासभाऊंना पण पोरांची हवा लागली. सुरेखा चिडायची, मी चिडायचे. आम्हाला वाटायचं, मुद्दाम करतोय.

उल्हासनगरचे मनोहरभाई म्हणून सिंधी व्यापारी आहेत, कापडाचे, विलूचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची गाडी अंबरनाथच्या चौकात पोलिसांनी धरली. त्या दिवशी पकडलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवणार होते. मनोहरभाईंचा फोन येताच विलू तिरीमिरीत निघाला. सुरेखा मला म्हणाली, "ताई, तुम्ही जा सोबत, हे कुणाच्या तरी अंगावर जातील." पोहोचलो तर रोलर धडधडत उभा, पुढे सायलेन्सरची ओळ, भोवती मोबाईल उगारलेली माणसं. मनोहरभाईंचा अजून गाडीलाच होता. विलू थेट हवालदारासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, हा माझ्या हातचा आवाज आहे, बोंब मारणारा नाही. चालू करून बघा. मोठा निघाला तर मी स्वतः रोलरखाली ठेवतो." "काका, उगाच कशाला..." म्हणत हवालदाराने किक मारली.

अरे देवा! दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं पळत सुटलं, एका बाईच्या कडेवरचं पोर रडायला लागलं, मी दोन्ही कान झाकले. आणि विलू... विलू हसत होता. "बघा! किती दबका आहे!"

कुणीतरी शिट्टी मारली आणि हशा पिकला. मनोहरभाई खाली मान घालून म्हणाले, "साईं, रहने दो... घर चलो." विलू एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, लोक का हसतायत ते त्याला कळेना. मग त्याची नजर माझ्या कानांवरच्या हातांवर आली आणि तिथेच थांबली. मी हात खाली घेतले, पण तोवर त्याला कळलं होतं. मलाही. त्याने पाना मागून घेतला, सायलेन्सर सोडवला, रुमालात धरून ओळीत नेऊन ठेवला. रोलर चालला. पत्रा चेपल्याचा आवाज त्याला आला की नाही, देव जाणे. मला अजून येतो.

कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान गेलेत, मशीन लावा. मशीन कपाटात गेलं. मी स्पष्ट बजावलं, "आता गाडी चालवायची नाही. मागून ट्रक आला तर कळणार कसं?" तर माझ्यावरच उसळला, "मग मलाही लोकरीत गुंडाळून ठेव!" पडवीला कुलूप लागलं. भाऊ बोलेना, जेवेना. हा आता असाच झिजून जातो की काय, असं मला वाटायला लागलं.

आणि एका संध्याकाळी खालून हाक आली, "ताई, खाली ये!" यजमान गेल्यापासून कामाशिवाय माझं खाली उतरणंच सुटलं होतं, ओट्यावर बसणं नाही, कुणाशी चार शब्द नाहीत. कुरकुरत उतरले. विलूने आपलीच गाडी पडवीबाहेर काढली होती. "आता ऐकायचं तू. मी तुझं तोंड बघतो." एक हात पेट्रोलच्या टाकीवर पालथा ठेवून त्याने दुसऱ्या हाताने रेस वाढवली. मी कपाळाला आठ्या घातल्या. त्याने बंद करून पुन्हा कापाकापी. मग हे रोजचंच झालं. सुरेखा ओट्यावर चहा आणून द्यायची आणि मी हुकूम सोडायचे, "अजून खाली आण. पोलिसाने मान वळवता कामा नये." मोठ्याने बोलावं लागायचं, त्यामुळे आळीतल्या बायकाही गंमत बघायला येऊन टेकायच्या.

मनोहरभाई बरेच महिने फिरकले नव्हते. मग एकदा गाडी घेऊन आले, साधा कंपनीचा सायलेन्सर लावलेली. "साईं, फिर से बना दो. लेकिन इस बार बहनजी सुनेंगी." विलूने काम हातात घेतलं आणि मी नेमकी डोंबिवलीला गेले. परतले ती त्याच्या मयतीलाच.

दिवसकार्य उरकल्यावर मनोहरभाई गाडी न्यायला आले. काम झालेलं होतं, विलूने मी नसताना एकट्याने संपवलेलं. "बहनजी, पहले आप सुनो," ते म्हणाले. मी ओट्यावर नेहमीच्या जागी बसले. आवाज मोठा निघाला तर? मेल्यावरही माझ्या भावाला लोकांनी हसायचं? सुरेखा दाराची चौकट धरून उभी होती. मनोहरभाईंनी किक मारली.

खालून, पोटातून, भरलेला आवाज आला. कमी म्हणावं असं काही नव्हतं, जास्त म्हणावं असंही काही नव्हतं. मी सुरेखाला विचारलं, "विलूला ऐकून कुणी दिलं गं?"

"कुणी नाही. टाकीवर हात ठेवून, थरथरीवरूनच करायचे. ते त्यांना केव्हाच जमायला लागलं होतं, ताई."

"मग मला रोज कशाला हाका मारायचा मेला?"

सुरेखाने डोळ्यांना पदर लावला. "म्हणायचे, ताई वर एकटी बसून असते. कान चांगले आहेत तिचे... कामाला लावू."

मनोहरभाईंनी किल्लीला हात घातला. मी ओट्यावरून ओरडले, "बंद मत करो, भाई... थोडी देर चालू रहने दो."