जगन्नाथराव घरी नाहीत

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये राहणाऱ्या वसुधा मोघेला काळजी करायला कारण लागत नसे; पण १९८४ च्या फेब्रुवारीत ते आयतंच मिळालं. तिचा नवरा नरेंद्र तेलकंपनीत इंजिनिअर. कामासाठी लंडनला गेला होता आणि तिथून ऑस्लोला जायचा होता. निघण्याआधी त्याने तिच्यापुढे ॲटलास उघडला होता. "ह्यूस्टनहून एल पासोला जाण्याइतकंच अंतर आहे गं. आपण तेवढ्यात टेक्सासच्या बाहेरसुद्धा पडत नाही. विमानाने दोन तास."

पोचल्याची खूण ठरलेली होती. नरेंद्र ऑपरेटरला सांगायचा, मला फक्त जगन्नाथ मोघ्यांशीच बोलायचंय आणि पैसे तिकडूनच घ्या. ऑपरेटर इकडे विचारायची, वसुधा 'ते घरी नाहीत' म्हणायची, की फोन बंद. फुकटात निरोप पोचला! त्या काळी आपली सगळीच मंडळी हे करत होती, उगाच सोवळेपणा नको. जगन्नाथराव म्हणजे नरेंद्रचे वडील. अमेरिका बघायची भारी हौस त्यांना, पण येणं व्हायच्या आधीच गेले. म्हणजे 'घरी नाहीत' हे तसं खोटंही नव्हतं. या हिवाळ्यात नरेंद्रची आई, माई, पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या. त्यांना ही युक्ती सांगायची मात्र दोघांनाही लाज वाटली.

ऑस्लोची दुपार म्हणजे इकडची सकाळ. तो पोचायचा त्या दिवशी वसुधा पहाटेपासून फोनपाशी बसून होती. मध्ये मुलीला शाळेत सोडून आली, तेवढीच. जेवायची वेळ टळली तरी फोन नाही. लाइन अडून राहू नये म्हणून तिने घाईघाईने एअरलाइनला विचारलं, तर लंडनला धुकं होतं, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. झालं! दोन तासांचा प्रवास आणि माणसाचा पत्ता नाही. आमटी करपली तरी तिला वास आला नाही.

गॅस बंद करायला माईच उठल्या, तेव्हा तिला त्यांचे सुजलेले डोळे दिसले. काय झालं, म्हणून तिने विचारलं.

"तू पोरीला सोडायला गेलीस ना, तेव्हा फोन आला होता," माई म्हणाल्या. "कुणी बाई ह्यांना विचारत होती. नाव घेऊन. इतक्या लांब कुणाला तरी ह्यांची आठवण झाली गं. मी सांगितलं, ही इज नो मोअर. बिचारीने सॉरी म्हणून फोन ठेवला."

वसुधाच्या लख्ख लक्षात आलं, ती बाई म्हणजे ऑपरेटर. पोचला! सुखरूप पोचला! तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं, आणि ती माईंच्या गळ्यातच पडली. मग सगळं सांगणं आलं. सांगताना तिची मान काही वर होईना. गेलेल्या माणसाच्या नावावर ही असली चलाखी. माई आता चांगलं फैलावर घेणार, असंच तिला वाटलं.

माई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"नरू लंडनला परत कधी यायचाय?"

"शुक्रवारी, माई."

"तेवढेच दोन तास ना?"

"हो."

"मग शुक्रवारचा फोन मी घेईन," माई म्हणाल्या. "सांगेन, जरा बाहेर गेलेत. येतीलच एवढ्यात."