नीरू म्हणजे पाणी नव्हे

गौरव्वा आजींचे ओठ निळे पडले होते आणि त्यांचा मुलगा बसवराज पेला हातात धरून नुसता उभा होता. मी त्याला बाजूला ढकललं. आजींना पुढे वाकवलं, छाती माझ्या हातावर घेतली आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात मारलं. "मावशी, मारून टाकाल तिला," तो म्हणाला. मी आणखी मारलं. पाणी बाहेर आलं, पाठोपाठ आजींचा आवाज फुटला. मग मी खाली बसले.

सोलापुरात म्हाताऱ्या पेशंटची ड्यूटी करता करता मीच म्हातारी झाले. डिमेन्शिया म्हणजे नुसता विसराळूपणा नव्हे. शेवटी माणूस गिळायचंही विसरतं. पातळ पाणी श्वासनळीत जातं, म्हणून आम्ही त्यात पावडर घालून पेजेसारखं घट्ट करतो आणि चमच्याने देतो. बसवराजला हे ठाऊक होतं. पण आजी सकाळपासून "नीरू, नीरू" करत होत्या, त्याला ते ऐकवेना.

आजींचं माहेर कानडी बोलणाऱ्या मैंदर्गीचं. कानडीत नीरू म्हणजे पाणी. बाकी सगळे शब्द गेले, हा एकच राहिला होता. पाणी दिलं की मात्र त्या तोंड फिरवायच्या. आजारच तसा, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

डॉक्टर घरी येऊन गेले. ताप चढला तर न्यूमोनिया समजा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताप चढला. या वयात दवाखान्यात नको, घरीच इंजेक्शनं द्या, असं ठरलं. फार आशा धरू नका, असंही त्यांनी बसवराजला सांगितलं.

एका सकाळी मी आजींना पुसून काढत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे माझ्यावर होते, आरपार गेलेले नव्हते. मी सवयीने चमचा उचलला.

"नीर ब्याड," आजी म्हणाल्या. "नन्न मगळु बेकु."

पाणी नको, माझी लेक पाहिजे.

मी बसवराजला हाक मारली. नीरू कोण, म्हणून विचारलं. तो आईचं पांघरूण सारखं करू लागला. सुनेने, सुनंदाने, सांगितलं. नीरजा, घरात नीरू. तिने जातीबाहेर लग्न केलं. नवऱ्याला घेऊन दाराशी आली तेव्हा बापाने दार लावून घेतलं. तेव्हापासून ती सांगोल्याला, आणि या घरात तिचं नाव बंद.

"फोन लावा," मी म्हटलं.

"कशाला मावशी? संध्याकाळपत्तुर परत विसरंल ती."

"ती विसरंल. नीरू न्हाई विसरायची."

नंबर न्हाई, म्हणाला. सुनंदाने स्वतःचा फोन काढला. "माझ्याकडं हाय की."

"कवापासनं?" बसवराजने विचारलं.

"तुमी कधी विचारलं न्हाई."

पेशंटचं डोकं असं मधेच लख्ख होतं. डॉक्टर त्याला लुसिडिटी म्हणतात. का होतं आणि किती टिकतं, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी नीरूची वाट बघत बसले नाही. सुनंदाने नंबर लावला, मी फोन आजींच्या कानाला धरला.

"नीरू, मी आई," आजी स्वच्छ मराठीत बोलल्या. "कडी मी काढून ठेवली व्हती गं. तू दार ढकलून तरी बघायचं व्हतंस."

पलीकडून हुंदके ऐकू आले.

"रडू नगंस. ये."

नीरूताई दुपारी आल्या. तोवर आजी परत हरवल्या होत्या. भिंतीकडे बघावं तसं लेकीकडे बघत होत्या. बसवराज माझ्याकडे बघू लागला, मी सांगितलंच होतं, अशा चेहऱ्याने. नीरूताईंनी पिशवी ठेवली, आईच्या पायाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "मावशी, मला वाटायचं दार दोघांनी लावलं."

मी पुष्कळ पेशंट सांभाळले. सगळं विसरून एवढी एक गोष्ट धरून ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. ती माझी पेशंट होती, हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते.

आता नव्या घरी ड्यूटी लागली की औषधांच्या आधी मी घरातल्या माणसांची नावं विचारते. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्यांची पहिली.

त्या न्यूमोनियातून आजी उठल्या. अजून आहेत.