मामा आणि फ्रिजमधले बटाटे

फ्रिजमध्ये बटाटे ठेवणाऱ्या घरात मुलगी देऊ नये असं मानणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला.

मामा मूळचे मोशीचे. घरच्या शेतावर इमारती उठल्या, मामा मात्र वनस्पतिशास्त्र शिकून चाकणकडच्या एका वेफर्सच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागले आणि तळलेले वेफर्स काळे का पडतात याच विचारात निवृत्त झाले. विचार काही निवृत्त झाला नाही. कुणाकडे गेले की आधी पाणी, मग फ्रिज, आणि बटाटे दिसले की ते बाहेर! "ह्येच्यात एक विकर हाय, म्हंजी एन्झाइम, जावईबापू," पहिल्या दिवाळसणाला ते मला म्हणाले, "गारठ्यात त्ये साखर फोडत सुटतं. मग तळलं का काळं! पन त्येच्या मानगुटीवर एक प्रथिन बसल्यालं असतंय. त्येनं धरलं, का विकराची हलायची टाप न्हाई." मी जावयाच्या धर्माला जागून विचारलं, "सगळी प्रथिनं अशी धरूनच ठेवतात?" इथे चुकलं. "न्हाई वो! काही विकरं तर प्रथिन येऊन बसल्याबिगर कामालाच लागत न्हाईत!" पुढचा पाऊण तास मी हातात करंजी धरून होतो.

मामांच्या मानगुटीवरचं प्रथिन म्हणजे मामी, असं मामाच सांगत. मामी डाव्या बाजूला बसत, फारसं बोलत नसत. मामा सुटले की त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, "अहो, चहा गार होतोय." मामा अर्ध्या वाक्यात थांबत. त्यांच्या मुलीसाठी स्थळ बघायला आम्ही रहाटणीला गेलो, तेव्हा मामी आतलं घर बघायला गेल्या तेवढ्यात मामांनी फ्रिज गाठला. गार बटाट्यांची पिशवी टीपॉयवर ठेवून त्यांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "ह्यास्नी थंडीत घालून काय मिळालं तुमाला?" त्यांना वाटलं, हुंड्याचंच काही तरी आडून बोलतायत. ते म्हणाले, "आम्हाला काही नको हो!" मामी धावत आल्या, गुडघ्यावर हात पडला आणि लग्न जमलं.

गेल्या वर्षी मामी गेल्या. मला वाटलं होतं, आता मामांना आवरणार कोण? पण मामा बोलायचेच थांबले. काही विचारलं तर नुसतं "व्हय", नाही तर "न्हाई". परवा आम्ही भेटायला गेलो. चहा करायला आत गेलेली बायको घाबऱ्या चेहऱ्याने कप घेऊन परत आली. "अहो, मामांच्या फ्रिजमध्ये बटाटे आहेत." कामाच्या मावशींनी ठेवले असणार. पण मामांनी ते राहू दिले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि नुसता गुडघ्यावर हात ठेवला. मामांनी हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"त्ये बटाटे भाईर काडायला सांगा," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "त्याचं काय हाय जावईबापू, बटाट्यात एक विकर असतंय..."

मी हात काढला नाही. समोर चहा गार होत होता. मामींचं ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी बोललो नाही.