मलाही दिसलेला डाग

मी नववीच्या वर्गाला तीस वर्षं गणित शिकवलं आणि गुरू ग्रह दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक गिरकी घेतो, हे मला तोंडपाठ होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे झालं त्याला अडाणीपणाची सबब उरणार नाही.

आमचे मामा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. कावेरीच्या सगळ्या फाट्यांच्या रेषा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. रेषा सरळ आहे की नाही हे बघायला ते डावा डोळा मिटत आणि कागद उजव्या डोळ्यासमोर धरत. निवृत्तीनंतर त्यांनी ओसरीवर बसून सहा इंची आरसा घासला, त्याची दुर्बीण केली आणि गच्चीवर नेऊन गुरूला लावली. गुरू सिंह राशीत आला की आमच्या कुंभकोणमला महामहम् हा स्नानाचा मेळा भरतो, बारा वर्षांतून एकदा. गेल्या महामहमच्या साली मामांनी पहिली वही उघडली. पुढच्या महामहमपर्यंत गुरूची अख्खी फेरी, एकही हंगाम न गाळता, हातानं काढायची. लोक तळ्यात बुडी मारतात, हे वर बघत बसणार. दोन वर्षं उरली होती.

कॅमेरे स्वस्त झालेत, मामा, असं मी एकदा म्हणून पाहिलं. मामा म्हणाले, "कॅमेरा बघतो. तूं काय करतोस मग?"

(आमच्या घरचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलं ते परत गेलंच नाही. पुण्याचे पाहुणे ते ऐकून गालातल्या गालात हसतात. मी लिहितोय ते पुस्तकांतून उचललेलं. मामा मात्र मामांसारखेच बोलतील.)

गच्चीवर मामांचा एकच नियम. आधी एकानं बघून काढायचं, तोवर दुसऱ्यानं पाण्याच्या टाकीकडं तोंड करून उभं राहायचं. मग दुसऱ्यानं. दोघांची चित्रं पुरी झाल्यावरच वह्या शेजारी ठेवायच्या. दोघांनी न सांगता एकच ढग काढला, तर तो ढग खरा. एकालाच दिसला, तर त्यापुढं प्रश्नचिन्ह. मी नऊ वर्षं टाकीकडं बघत आलो. टाकीवरचा प्रत्येक पोपडा मी आजही काढून देईन.

हा मार्गळीचा महिना, डिसेंबर-जानेवारीतला. पहाटे घरोघरी कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची मोठी रांगोळी. मामी दारात वाकून काढत होत्या. मामा दूध घेऊन आले, थांबले, डावा डोळा मिटला.

"वाकडी गेली आहे रेघ. मध्येंच वाकली."

"चाळीस वर्षें काढतें मी," मामी मान वर न करता म्हणाल्या. "माझी रेघ नाही वाकली. वर बघून बघून तुमची मान वाकली असेल."

मी मोठ्यानं हसलो. या हसण्याचा हिशोब नंतर लागला.

त्याच आठवड्यात एके संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, मी कॉफी घेऊन गच्चीवर गेलो. मामा हात धुवायला टाकीपाशी गेलेले, वही कठड्यावर उघडी. मी बघितलं. अगदी ठरवून नाही, पण ठरवून मान फिरवलीही नाही. गुरूच्या उत्तरेकडच्या पट्ट्यावर, मध्यापासून जरा खाली (दुर्बिणीत सगळं उलटं, उत्तर खाली), एक करडा डाग. आणि पट्टा त्या जागी लाटेसारखा वाकलेला. असलं काही नऊ वर्षांत आलं नव्हतं.

मग माझी पाळी. मी डोळा लावला. पट्टे होते, तीन चंद्र होते, डाग नव्हता. पुन्हा पाहिलं. नव्हता. पण मामांचा डोळा म्हणजे कावेरीचा डोळा. त्यांना दिसतं आणि मला दिसत नाही, म्हणजे मीच कच्चा. नऊ वर्षांत मला कधी काही आधी दिसलं नव्हतं, त्याची लाजही होतीच. मी पेन्सिल आडवी धरून हलकेच एक डाग काढला. मामांच्यापेक्षा किंचित वर, म्हणजे उतारा वाटू नये. पेपर तपासताना पोरांची हीच युक्ती मी तीस वर्षं पकडली होती.

वह्या शेजारी ठेवल्या. मामा बराच वेळ माझ्या वहीकडं बघत राहिले.

"मज दिसतें तें तुज दिसतें? खरेंच?"

"दिसतं की, मामा."

त्यांनी श्वास सोडला. मला वाटलं, आनंदाचा.

त्यानंतर जेव्हा जेव्हा आकाश मोकळं मिळालं तेव्हा मामांना डाग दिसला, आणि मलाही. रोज त्याच जागी. मामांनी एकदा विचारलं, गुरू फिरतो, हा का फिरत नाही? तेव्हा गणिताच्या मास्तरानं तोंड उघडलं. म्हटलं, एक डाग नसणार, माळ असणार. आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागं एक. आपण बघतो तेव्हा एक ना एक डबा समोर येतो. मामांनी मान डोलावली. त्यांना पटवून घ्यायचं होतं, मला पटवायचं होतं. डाग हळूहळू मोठा झाला. मीही माझा मोठा केला.

दोघांची तेवीस-तेवीस चित्रं झाली तेव्हा मी ती गुरू बघणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटाला पाठवली. मामींना सांगूनही टाकलं की मामांचं नाव होणार. चार दिवसांनी दूर देशातल्या एका वयस्कर बाईंचं उत्तर आलं. फार सभ्य. रेषा सुंदर आहेत, पण त्याच संध्याकाळच्या कॅमेऱ्याच्या चित्रांत असं काहीच नाही. भिंगावर काही बसलंय का ते पाहाल का?

मला तर सुटल्यासारखं वाटलं. धूळ! मी वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, टोकानं दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग पुसलं. मामा ओरडले, "वेष्टीनें पुसतात का, शहाण्या!" मग डोळा लावून म्हणाले, "आहे." मी भिंग अर्धं फिरवलं. धूळ असती तर तीही फिरली असती. "तिथेंच आहे."

मामांचा हात दुर्बिणीवर थांबला. मग नऊ वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. डोकं जरा सरकवलं आणि डावा डोळा लावला.

खाली भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीतली ठोकाठोक चालू होती.

"स्वच्छ आहे," मामा म्हणाले. "पट्टाही सरळ."

तिरुचीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, नेमक्या मधोमध, पाणी झिरपून सूज आली होती. दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा सांभाळून घेतो, म्हणून कळत नाही. कधीपासून, त्यांनी विचारलं. मामांनी वही पुढं केली. तारीख, वेळ, मिनिटापर्यंत. डाग किती होता, किती झाला. डॉक्टरीणबाईंनी तेवीस पानं उलटली. असा रोगी मला कधी मिळाला नाही, म्हणाल्या. मग पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, या वेळी आला असता तर बरंच वाचलं असतं. हे बघूनही आला कसे नाहीत?

"दोघांस दिसत होता," मामा म्हणाले.

मी भिंतीवरच्या अक्षरांचा तक्ता वाचत होतो. सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत मला नीट वाचता येत होतं.

डोळ्यात औषधाची सुई टोचून घेतली. परतीच्या गाडीत मामा पट्टी बांधून खिडकीशी बसले. तंजावर गेलं, पापनाशम् गेलं. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या फलाटावर गाडी थांबली तेव्हा वाटलं, आता गाव येईल आणि मग मी कधीच बोलणार नाही.

"मामा, मला तो डाग दिसला नव्हता."

"कधी?"

"एकदाही नाही. तुमची वही उघडी होती. त्यात बघून काढला."

गाडी हलली. दोन्ही बाजूंना भात कापून मोकळी झालेली शेतं.

"मी तुज गुरूबद्दल नव्हतों रे विचारत," मामा म्हणाले. "माझ्या डोळ्यास काय झालें आहे, तें विचारत होतों. तुझा डोळा तरणा आहे म्हणून."

घरी मामींना सगळं कळलं. मामी दोनदा आलंगुडीच्या देवळात जाऊन तिथल्या गुरूला हरभऱ्यांची माळ घालून आल्या. मला प्रसाद दिला, पण माझ्याकडं बघून नाही. सूज उतरली. मधलं दिसणं परत आलं नाही.

मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, मामांनी मला बोलावलं. दोन्ही वह्या समोर होत्या. त्यांच्या वहीत प्रत्येक डागाखाली लिहिलं होतं: निरीक्षकाचा डोळा सदोष. वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि हे अक्षर ज्यानं नकाशांवर गावांची नावं लिहिली त्याचं. एकही पान फाडलं नव्हतं. माझी वही माझ्यापुढं सरकवून ते म्हणाले, "तुझें तूं लिही."

मी तेवीस वेळा लिहिलं: पाहिलं नाही. वर्गात पोरांना शिक्षा म्हणून मी असलंच लिहायला लावायचो. मामा समोर बसून राहिले. मी मध्येच थांबलो तेव्हा म्हणाले, "किती झालीं?"

"चौदा."

"लिही."

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. मामांनी डावा डोळा लावला, पण त्या डोळ्याला बघायची सवय नव्हती. तो सारखा पाणावत होता. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. पुढच्या महामहमपर्यंतच्या वह्या आता माझ्या हातच्या असणार.

"काय दिसतें?"

"दोन पट्टे. बाकी धुरकट आहे, मामा. काहीच कळत नाही."

"मग दोनच काढ," मामा म्हणाले, आणि उठून टाकीकडं तोंड करून उभे राहिले.