तिसऱ्या माणसाचा पंखा

सकाळी सोलरच्या मीटरवर भरपूर करंट दिसत होता. दुपारी ऊन टळटळीत, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि करंट निम्म्याहून खाली. मी वायर हलवून बघितल्या, कनेक्टर काढून पुन्हा लावले, मीटरसुद्धा बदलला. आकडा तोच.

"कांबळे, काय झालं?" नाडकर्णीसाहेबांनी खालून केबिनमधून विचारलं.

"काही नाही. चेक करतोय."

"चेक करताय म्हणजे काहीतरी झालंय."

"साहेब, तुम्ही चहा टाका."

आम्ही मढच्या बाजूला खाडीत होतो. चौतीस फुटांची शिडाची बोट, नाव 'रेवती'. नाडकर्णींनी ती गोव्याच्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतली होती. मुलुंडचे गृहस्थ, शिपिंग कंपनीत आयुष्यभर अकाउंट्स बघितले, जहाजांचे कागद हाताखालून गेले, पण स्वतः कधी समुद्रावर गेले नाहीत. रिटायर झाल्यावर आधी शिडाची बोट चालवायला शिकले, मग बोट घेतली. बायकोला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीपर्यंत जायचं, महिनोन् महिने बोटीवरच राहायचं, असा बेत.

बायको म्हणजे विद्या मॅडम. शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना रोज इन्सुलिन लागतं, आणि इन्सुलिनचा साठा थंड ठेवावा लागतो. पहिल्या भेटीतच त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. "फ्रिज रात्रंदिवस चालला तर मी जाणार. नाही चालला तर मी मुलुंडला आणि बोट विकायला. आणि इंजिन लावून बॅटरी भरू, हे मला सांगायचं नाही. इंजिन बंद पडलं तरी फ्रिज चालला पाहिजे."

नाडकर्णी तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचं सगळं माझ्या पॅनेलवर लटकलेलं होतं.

मी सोलरचा कॉन्ट्रॅक्टर. घाटकोपरला वाढलो. आयटीआय केलं, दुसऱ्यांकडे हेल्परकी केली, शिव्या खाल्ल्या, मग स्वतःचं काम सुरू केलं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत कितीतरी सोसायट्यांच्या गच्चीवर माझी पॅनेल आहेत. कोणी हाताला धरून वर आणलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवयही नाही.

गच्चीवर काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फुकट मिळते. समुद्र. वर्सोव्याच्या टॉवरवर चढलं की तो सगळा समोर पसरलेला असतो. माझ्या हाताखालची पोरं पॅनेलखालचं लोखंडी स्ट्रक्चर कसत असतात आणि मी टाकीच्या सावलीत उभा राहून बघत असतो. होड्या निघतात, लहान होत जातात, ठिपका होतात, मग नसतात. त्या नसतात तिथे काय असतं, हे मला माहीत नव्हतं. आमचं मूळ गाव लातूरकडचं. माझा एकूण समुद्रप्रवास म्हणजे वर्सोवा ते मढ फेरीबोट. बसलो म्हणेपर्यंत उतरायचं.

म्हणून या कामाचा भाव करताना मी वेगळीच अट घातली. दोन बैठका झाल्या होत्या. नाडकर्णी अकाउंट्सचे, मी जात्याच हट्टी, आकडा जुळत नव्हता. शेवटी मी म्हटलं, "ठीक आहे, उतरतो खाली. पण मला तुमच्याबरोबर न्यायचं. हर्णैपर्यंत."

"हर्णैला काय काम आहे तुमचं?"

"काही नाही."

"मग?"

"जमीन दिसेनाशी होते ते बघायचंय."

 त्यांनी हात पुढे केला. "डन."

तर त्या दुपारी करंट का पडला, ते शोधता शोधता माझं लक्ष मढच्या देवळाकडे गेलं. सकाळी ते बोटीच्या डाव्या हाताला होतं. आता उजव्या हाताला आलं होतं.

देऊळ हललं नव्हतं. बोट फिरली होती.

नांगराला बांधलेली बोट पाण्याबरोबर फिरते. ओहोटीला तोंड एकीकडे, भरतीला बरोबर उलट. मी आदल्या दिवशी ओहोटीत माप घेतलं, कंपास लावला आणि बोटीच्या मागच्या अंगाला तिरकं स्ट्रक्चर ठोकून पॅनेल झकास दक्षिणेकडे वळवली. गच्चीवर तसंच करतात, आपल्याकडे ऊन दक्षिणेकडून येतं म्हणून. पण गच्ची रात्रीतून उत्तरेला तोंड करत नाही.

नाडकर्णी चहा घेऊन वर आले. मी सांगितलं.

"म्हणजे हे स्ट्रक्चर फुकट?"

"फुकट नाही. आडवं करायचं. बोटीवर पॅनेल सपाट ठेवायची. कुठल्याच वेळेला पूर्ण करंट नाही, पण प्रत्येक वेळेला बरा."

"हे तुम्हाला आधी कळायला नको होतं?"

"साहेब, तुमची बोट आहे, ती फिरते हे तुम्ही सांगायचं."

"सोलर तुमचं आहे!"

"आणि खाडी कोणाची?"

विद्या मॅडम केबिनमधून ओरडल्या, "भांडण झालं की चहाचे कप खाली द्या."

स्ट्रक्चर आडवं केलं तर दुसरी भानगड. डोलकाठीची सावली. नुसती बोटभर रुंदीच्या दोराची सावली पॅनेलवर पडली तरी करंट धाडकन खाली. याचं कारण सोपं आहे. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात. माणसं रांगेत उभी राहून हातोहात पाण्याच्या बादल्या देतात तसं. मधला एक जण ढिला पडला की पूर्ण रांग ढिली. गच्चीवर सावली नसलेली जागा निवडता येते. बोटीवर सावली पाळलेल्या मांजरासारखी इकडून तिकडे फिरते. मी प्रत्येक पॅनेलला वेगळा चार्ज कंट्रोलर दिला. चार्ज कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला दरवान, किती करंट आत सोडायचा ते तो ठरवतो. आता एकावर सावली पडली तर तेवढंच रुसायचं, बाकीची कामाला.

मग लोडचा हिशेब. लोड म्हणजे दिवसभरात बोटीवर काय काय वीज खातं ते. फ्रिज सगळ्यात मोठा खाणारा. मग दिवे, पाण्याचा पंप, दिशा दाखवणारं यंत्र, दोन माणसांचे दोन छोटे पंखे, दोन फोन. जागा होती तेवढी पॅनेल बसवून झाली होती. वजन झेपेल तेवढी बॅटरी टाकून झाली होती. बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, ही माझी लाल रेघ. तिथे फ्रिज सोडून बाकी सगळं आपोआप बंद होईल, अशी सोय केली.

मॅडम माझ्या शेजारी बसून एकेक आकडा तपासत होत्या. गणिताच्या बाई. मी एका ठिकाणी मनातल्या मनात राउंड फिगर केला तर म्हणाल्या, "कांबळे, समुद्रात राउंड फिगर चालत नाही."

नवरा-बायको आठवडाभर बोटीवर राहून बघणार होते. मी रोज फोन करायचो. सकाळी बॅटरी चाळीसच्या आसपास असायची. चांगलं चाललं होतं.

रविवारी मी स्वतः गेलो. बोटीवर चढलो तर गाण्यांचा आवाज. मॅडमचे भाऊ प्रकाशराव मुलुंडहून बहिणीचं घर बघायला आले होते, रात्री राहिले होते. येताना बिअरचा क्रेट घेऊन आले होते आणि सगळ्या गरम बाटल्या त्यांनी इन्सुलिनच्या शेजारी फ्रिजमध्ये लावल्या होत्या. फ्रिजचा कॉम्प्रेसर धापा टाकत होता. त्यांनी आपल्यासाठी तिसरा पंखाही लावून घेतला होता. मी मीटर बघितला. एकतीस.

माझं डोकं फिरलं. मी बाटल्या काढून डेकवर ठेवायला सुरुवात केली.

"ओ भाऊ, काय करताय?" प्रकाशराव.

"तुमच्या बहिणीचं औषध वाचवतोय."

"अहो, एका दिवसाने काय होतंय?"

"एका दिवसाने वाट लागते. ह्या बोटीवर दोन माणसं चालतात. तिसरं नाही. तुम्ही नाही, कोणी नाही."

"मी तर निघण्याच्या वेळी दोन दिवस यायचं म्हणत होतो. पंखा नको मला. थंड पाणीसुद्धा पीत नाही मी."

"जमिनीवर सगळे असंच म्हणतात!" मी ओरडलो. "तिसरा माणूस आला की तिसरा पंखा आला, तिसरा फोन आला, फ्रिजचं झाकण तिसऱ्यांदा उघडलं. वर एक दिवस ढग आले की संपलं. असलं काही करणार असाल तर माझी गॅरंटी आत्ताच गेली."

प्रकाशराव लाल झाले. नाडकर्णी मध्ये पडून म्हणाले, जाऊ द्या, जाऊ द्या.  मॅडम मीटरकडे बघत होत्या.

निघायचा दिवस ठरला. मी रबरी तळव्यांचे बूट घेतले, उलटीच्या गोळ्या घेतल्या. बायको सुनीता म्हणाली, "हर्णैहून परत कसा येणार?" म्हटलं, एसटीने. ती हसली. "जायला बोट आणि यायला एसटी. राजा आहेस तू."

आमच्या माणसांना मी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, मी समुद्रात जाणार, फोन लागणार नाही. उगाचच सांगितलं.

सकाळी मढला पोहोचलो. एका कोळीदादांच्या होडीतून बोटीवर गेलो, बॅग डेकवर ठेवली, शेवटचं चेकिंग केलं. कनेक्टर घट्ट, मीटर ठीक. वर आलो तर नाडकर्णी दोर गुंडाळत होते. गुंडाळून झालेला दोर सोडून पुन्हा गुंडाळत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "कांबळे, बसा."

मी उभाच राहिलो.

"मी काल रात्री पुन्हा हिशेब केला. पुढचे दोन दिवस ढगाळ आहेत म्हणतात. दोन माणसांवर आपण रेघेच्या वर राहतो. तिघांवर नाही राहत. मग रात्री दिवे आणि दिशा दाखवणारं यंत्रही बंद."

"मॅडम, आपलं ठरलंय. शब्द दिलाय साहेबांनी."

"दिलाय."

"मला पंखा नको."

त्यांनी मीटरकडे बोट दाखवलं.

"फोन बंद ठेवतो. थंड काही पिणार नाही. मी घरून पाणी आणलंय, हे बघा." मी खरंच बॅगेतून बाटली काढून दाखवली. आयुष्यभर लोकांशी घासाघीस केली, पण बाटली दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली.

"मग परवा निघा," मी म्हटलं. "ढग जाऊ देत."

"परवा निघालो तर पुढे ढग येणार नाहीत, असं लिहून देता?"

"तुम्ही मास्तरीण आहात म्हणून काहीही—"

"विद्या," नाडकर्णी म्हणाले, "अगं, एकच रात्र आहे. नेऊ या की."

"मी न्यायला तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "कांबळेंनी मला फक्त सांगावं, चालेल. सिस्टीम त्यांची आहे. ते म्हणाले चालेल, तर मी विश्वास ठेवीन. त्यांच्याच शब्दावर मी मुलुंड सोडून निघाल्येय."

सगळे माझ्याकडे बघत होते. होडीतले कोळीदादासुद्धा वल्हं थांबवून बघत होते.

चालेल, एवढाच एक शब्द होता. मला नीट माहीत होतं, बहुतेक चाललंही असतं. पण गच्चीवरच्या कुठल्याच गिऱ्हाइकाला मी बहुतेक म्हणून कधी काही विकलं नव्हतं.

मी बॅग उचलली.

"कांबळे, भावात जे कमी केलंत ते मी पाठवून देते."

"ठेवा तुमच्याकडे. पैसे नकोच होते."

होडीत उतरताना मी एवढंच म्हटलं, "पॅनेलवर मीठ साचेल. रोज गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा. साबण नको."

मढहून फेरीने वर्सोव्याला आलो. बसलो म्हणेपर्यंत उतरलो. जवळच एका टॉवरवर आमचं काम चालू होतं, तिथे गेलो. लिफ्टने गच्ची गाठली. टाकीच्या बाजूला उभा राहिलो. थोड्या वेळाने 'रेवती' दिसली. शीड चढवलेलं होतं. खाडीच्या तोंडातून निघाली, दक्षिणेकडे वळली, लहान झाली. रबरी तळव्यांचे बूट पायात होते.

आमचा मुकादम म्हणाला, "साहेब, तुम्ही जाणार होता ना?"

"तो क्लॅम्प उलटा लावलाय तुम्ही. डोळे कुठे आहेत?"

क्लॅम्प सरळच होता. मी पुन्हा वळून बघितलं तेव्हा ठिपकाही नव्हता.

त्यानंतर मॅडमचा रोज सकाळी मेसेज येऊ लागला. एकच आकडा आणि एक नाव. ३४, हर्णै. ३३, जयगड. ढग होते, इन्सुलिन ठीक. मग ऊन आलं, आकडे चढले. मालवणच्या पुढे एकदा त्यांनी फोटो पाठवला. चारी बाजूंनी नुसतं पाणी, किनारा कुठेच नाही. मी बोरिवलीला एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. चेअरमन लिफ्टच्या बिलावरून बोलत होते. मी टेबलाखाली फोटो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यातून बघितला. मग लिहिलं, डावीकडच्या पॅनेलवर मीठ दिसतंय, पुसा. फोटो अजून फोनमध्ये आहे.

लोक म्हणतात, राग सोड, चूक कोणाचीच नव्हती. मला ते पटतं. गणित बरोबर होतं. राग त्याचाच आहे.

मागच्या महिन्यात अंधेरीचे एक डॉक्टर आले. त्यांनीही बोट घेतलीय, नाडकर्णींनीच माझं नाव सांगितलं. मी लोडचा हिशेब काढायला बसलो.

"किती माणसं?"

"आम्ही दोघंच."

मी तीन लिहिलं. तीन पंखे, तीन फोन. पॅनेल बसेनात, तर म्हटलं एक कपाट काढून टाका.

"पण आम्ही दोघंच आहोत," डॉक्टर म्हणाले.

"असू द्या," मी म्हटलं. "आधी लोड धरून ठेवायचा. भावाचं नंतर बोलू."