उरलेलं सॅटिन

निम्मी भांडी घासून झाली आणि शिंपीणबाईंना एकदम देव आठवला. भांडी घासताना देव आठवावा इतक्या त्या भाविक नव्हत्या. खरं कारण कपाटात होतं. एका नवरीच्या पांढऱ्या गाऊनमधून बाईंनी हातचलाखीनं दीड मीटर सॅटिन वाचवलं होतं. नवरीला त्याचा पत्ता नव्हता, आणि नातीचा बाप्तिस्मा रविवारी होता; त्यासाठी पांढरा झगा शिवायचा होता.

हात पुसून, डोळे मिटून बाई म्हणाल्या, "प्रभू, तूच मार्ग दाखव." मार्ग कपाटाकडेच जावा, एवढीच त्यांची नम्र अपेक्षा होती. उत्तर मिळेल म्हणून बायबल मधेच कुठंतरी उघडलं, तर वंशावळ निघाली. पुन्हा उघडलं, तर कुष्ठरोगाचे नियम.

दारातून नवरोबा म्हणाले, "अगं, देवाला विचारतेयस, की हो म्हणेपर्यंत छळतेयस?"

"तुम्ही गप्प बसा हो!"

तिसऱ्यांदा उघडलं, तिथे मापांची चिठ्ठी होती. हरवू नयेत म्हणून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या बाई बायबलातच ठेवायच्या. ही त्याच नवरीची होती. कापड बेतताना बाईंनी फक्त आकडे वाचले होते. खाली लिहिलं होतं, 'मावशी, कापड थोडं जास्तच दिलंय. तुम्ही प्रार्थनेतल्या बाई, उरलं तर सांगालच.'

बाईंनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"काय म्हणाला देव?" नवरोबांनी विचारलं.

"अक्षर फार स्वच्छ आहे त्याचं," बाई करवादल्या. "नातीच्या झग्याचंही आता त्यालाच बघू दे."

भांडी तशीच टाकून, सॅटिनची घडी पिशवीत घालून त्या नवरीच्या घरी ते परत द्यायला निघाल्या.