पाचव्या होलचं वळण

आमच्या शेजारचे बाबारावजी गोल्फ खेळतात. नागपूरच्या धंतोलीत राहून, चहूबाजूंनी दवाखाने दिसत असताना, माणसानं मुद्दाम उन्हात जाऊन दुखणं का ओढवून घ्यावं, हे मला कधी कळलं नाही. चेंडू आपणच दूर मारायचा आणि मग आपणच शोधत हिंडायचं, याला खेळ म्हणतात म्हणे. पण ते क्लबचे सचिव आहेत आणि क्लबला साठ वर्षं होत होती. मैदानाच्या दारात एक दगड बसवायचा, त्यावर मैदान आखणाऱ्याचं नाव कोरायचं आणि छोट्या पुस्तिकेत त्याचं पानभर चरित्र छापायचं असं ठरलं. मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका, म्हणजे फुकटात मिळणारी. मला त्यांनी पकडलं.

"कोण होता आखणारा?" मी विचारलं.

"एक साहेब होता."

"नाव?"

"साहेबच म्हणत सगळे. इंग्रज असावा. किंवा अँग्लो-इंडियन."

नाव नाही, गाव नाही, आला कधी आणि गेला कधी तेही नाही. होती ती नुसती कीर्ती, आणि ती सगळी पाचव्या होलवर उभी होती. नऊ होलांच्या या मैदानात बाकी सगळ्या वाटा सरळ आहेत. पाचवी मात्र मध्येच डावीकडे वळते, एका मोकळ्या जागेला वळसा घालते आणि मग मुकाट्यानं परत रस्त्यावर येते. तिथं ना झाड, ना नाला. त्या वळणापायी तीन पिढ्यांचे चेंडू झुडपात गेले. बाबारावजी नव्या मेंबरला कौतुकानं सांगत, "खेळाडूच्या संयमाची परीक्षा आहे ही. साहेबाची बुद्धी!"

मी हे रडगाणं पायलजवळ गायले. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "मॅडम, ते मैदान तर माझ्या आजोबांनी आखलं." मग जरा घुटमळून म्हणाली, "म्हणजे, आजी तसं म्हणते."

तिचं घर मैदानाच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीत. आजोबा बळीरामजी नव्वदीला टेकलेले, पण पाठ ताठ आणि डोळे खट्याळ. "जय भीम मॅडम, बसा," म्हणाले आणि मी बसायच्या आत सुरू झाले. आखणी ते कामठीच्या पलटणीत शिकले. चहा येईपर्यंत ते कलकत्त्याला शिकले होते. चहा संपेपर्यंत एका राजाच्या पदरी होते आणि राजानं त्यांना घोडा बक्षीस दिला होता. घोड्याचं काय झालं विचारलं तर म्हणाले, "म्हातारा झाला, मेला." उचलली जीभ लावली टाळ्याला! मी आयुष्यभर दोन प्रकारच्या खोटारड्यांशी झुंजले, दरबारी भाट आणि दहावीची मुलं. हे दोघांच्या वर निघाले.

त्यांच्या पत्नी, मनकर्णाबाई, तांदूळ निवडत शांतपणे ऐकत होत्या. मला पोचवायला फाटकापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, "बुढा खोटं बोलते, मले ठाऊक हाय. पण मैदान यानंच आखलं, मॅडम. मी नळावर सांगो, तं बाया हासत. म्हणत, मनकर्णे, सेमिनरी हिलची टेकडीबी तुह्याच बुढ्यानं रचली असंन. साऱ्या जिंदगीत त्यानं एक मोठं काम केलं, अन् त्याच्याच थापांपायी थे कोणाले खरं वाटत नाही. मरायच्या आधी एकडाव कोणी म्हणावं, मनकर्णा खरं बोलत होती. मले बाकी काही नको."

हे मला लागलं. पानभर चरित्र गेलं खड्ड्यात, या बाईचा शब्द खरा ठरवायचाच असं मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं.

मग मी गुंता सोडवायला बसले. थापांतून एकेक खरा धागा ओढायचा म्हणजे लोकरीत अडकलेलं कुसळ काढण्यासारखं काम. पलटण नव्हती, राजा नव्हता, घोडा तर मुळीच नव्हता. काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत त्यांचे वडील मजुरी करत. झाडांच्या ओळी दोरी आणि खुंट्या लावून आखायच्या, हे बळीरामजी तिथंच शिकले. छप्पन साली घरच्यांबरोबर दीक्षा घेतली, तेव्हा मिसरूड फुटत होतं. पुढे कामासाठी नागपुरात आले आणि क्लबच्या माळावर मजुरांचे मुकादम झाले. साहेब खरोखरच होता. त्यानं आठवडाभर खुंट्या ठोकल्या, मे महिन्याच्या उन्हानं अंथरूण धरलं आणि तो थंड हवेला गेला तो परत आलाच नाही. उरलेलं सगळं मैदान बळीरामजींनी आखलं, चेंडू घालायच्या खड्ड्यांभोवतीच्या तेल मारलेल्या वाळूच्या गोलांसकट. त्या काळी आपल्या उन्हात हिरवळ कुठली टिकायला!

हे मला सांगितलं रुपरावांनी. आखणीच्या वेळी दोरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. पण पाचव्या होलचं विचारलं तर त्यांनीही हात वर केले. "मले नाही माहीत गा. सकाळी आलो, तं साहेबाच्या खुंट्या सरकून होत्या. बळीरामले विचारलं, तं म्हणे वारूळ हाय, साप निंगते."

बाबारावजींनी रुपरावांची साक्ष उडवून लावली. "दोघं रोज पत्ते खेळतात, तो दुसरं काय सांगणार? मला एकच सांगा. ज्यानं आखलं, त्याला वळणाचं कारण ठाऊक असणार की नाही? मग चला, तिथंच विचारू. सोमवारी दगड कोरायला जातोय. नाही जमलं, तर आपला साहेब बरा."

म्हणून रविवारी सकाळी आम्ही पाचव्या होलवर जमलो. बाबारावजी हातात काठी घेऊन, मी डोक्यावर पदर घेऊन, पायल आजीचा हात धरून. बळीरामजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"बोला," बाबारावजी म्हणाले. "हे वळण कशासाठी?"

"फकिराची कबर होती जी इथं."

"मागं एका मेंबरला तुम्ही सांगितलं की साहेबाचा कुत्रा पुरलाय."

"कुत्राबी होता. बाजूले."

"आणि रुपरावांना सांगितलं वारूळ," मी म्हणाले.

आता पुरे म्हणून बाबारावजींनी मला हात जोडले. पायलचा हात सोडून मनकर्णाबाई कुंपणाकडे, घराच्या दिशेनं चालू लागल्या. ती पाठमोरी बाई पाहून माझा पारा चढला. वर्गात आवाज लावायचे तसा लावून मी म्हणाले, "बळीरामजी, तुमच्या बायकोनं जन्मभर लोकांचं हसू सोसलं ते तुमच्यासाठी. निदान आज तरी खरं बोला. नाही तर तोंड बंद ठेवा."

त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. मग मोठ्यानं हाक मारली, "मनकर्णे, थांब वं. तूबी ऐक."

त्या थांबल्या.

"इथं खडक हाय, साहेब," ते बाबारावजींना म्हणाले. "सपाट, काळा. चैत्र-वैशाखात वस्तीच्या बाया त्याच्यावर वाळवण घालत. साहेबाच्या खुंट्या सरळ खडकावरून चालल्या होत्या. होल झालं असतं तं बायांले इथं यायले बंदी."

"बायांची सोय पाहिलीत तर," मी म्हणाले. माझा आवाज जरा मऊ झाला होता.

"बायांची नाही, मॅडम. एकीची." ते खाली पाहू लागले. "हे मनकर्णा कुरोड्या घालाले ये. लुगडं अंथरून, कावळे हाकलत बसे. खडक गेला असता, तं मले दिसली कुठं असती? अन् हिचे दोन्ही भाऊ पैलवान. त्याहिले सुगावा लागला असता, तं मलेच या खडकावर वाळू घातलं असतं. पुढं सोयरीक आली, म्हणजे मीच दुसऱ्याच्या तोंडून आणवली. लोकाले वाटलं, जुळवून झालं. मंग कसं सांगावं? कोणी वळणाचं विचारलं, की तोंडाले येईन थे सांगून देत होतो. एक थाप झाकाले दुसरी लागे."

म्हणजे हा माणूस साठ वर्षं ताकाला जाऊन भांडं लपवत होता! मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

बाबारावजींनी काठीचं टोक गवतात खुपसलं. चार बोटं माती, खाली टणक. थोडं पुढे जाऊन पुन्हा खुपसलं, तिथंही टणक. पायलनं वाकून गवताचा झुपका उपटला तेव्हा काळा, गुळगुळीत दगड दिसला. वस्तीत पक्की घरं झाली, वाळवणं गच्चीवर गेली आणि खडकावर माती चढून सगळे त्याला विसरून गेले होते.

"आणि आम्ही याला संयमाची परीक्षा म्हणत होतो," बाबारावजी पुटपुटले.

"होतीच नं जी," बळीरामजी म्हणाले. "माही."

बाबारावजी तसे दिलदार. ते मनकर्णाबाईंसमोर गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खरं बोलत होता. दगडावर नाव यांचंच येईल. पण हे कारण तुम्हालाही ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक नसाले काय झालं? एवढ्या माळात मी बसो तिथंच वळण. मी का आंधळी हाव?"

"मग सांगितलं का नाही कोणाला? तेव्हाच सगळ्यांना पटलं असतं."

"थे यानं सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळल्या. "आमच्या घरी खाणारी माणसं चार. अन् कुरोड्या मी साऱ्या वस्तीले पुरतीन इतक्या घालत होती. रोज. माय ओरडे, गहू संपले म्हणे. काहून घालत होती, हे तुमी मले कधी विचारलं?"

बळीरामजींना एकही थाप सुचली नाही.